पेडरसनच्या 0.4 टक्क्यांबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. क्राऊन ईथर नावाचे रेणू शोधून 1987 चं केमिस्ट्रीचं नोबेल दोघांबरोबर मिळवणाऱ्या चार्ल्स पेडरसनवर मी लिहिलेल्या लेखाखाली तुम्ही रात्री साडेबाराला एवढी लांबलचक प्रतिक्रिया टाकलीत म्हणजे लेख शेवटपर्यंत वाचलात हे नक्की, त्याबद्दल आधी आभार, बाकीचे नुसता लाइकचा अंगठा दाबून गेले. तुमचे आक्षेप तीन. एक, या माणसाला नशिबाने एक पदार्थ सापडला आणि मी त्याला डोक्यावर घेऊन नाचतेय. दोन, "पीएचडी नाही तरी नोबेल" असा मथळा देऊन मी पोरांच्या डोक्यात भलतंच भरवतेय. तीन, सुप्रामॉलिक्युलर केमिस्ट्री, म्हणजे रेणू एकमेकांना कसे धरून ठेवतात त्याची केमिस्ट्री, उभी केली ती ज्याँ-मारी लेन या केमिस्टने, पेडरसन एक कंपाउंड करून रिटायर झाला. वर "ताई, जरा वाचून लिहीत जा" हा टोमणा. तोही घेतला.

दुसऱ्याचं आधी उरकते, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. मथळा लोकांनी क्लिक करावं म्हणूनच तसा ठेवला होता, खोटं कशाला बोलू. अमेरिकेतल्या एमआयटीला मास्टर्स झाल्यावर तिथले प्रोफेसर त्याला पीएचडी कर म्हणत होते, पण बिलं अजून वडील भरत होते आणि त्याला स्वतःच्या पायावर उभं राहायचं होतं, म्हणून 1927 साली ड्यूपाँट या केमिकल कंपनीत नोकरी धरली, एवढी साधी गोष्ट आहे. त्यात बंडखोरी वगैरे काही नाही. आज नुसत्या मास्टर्सवर कोण कुणाला स्वतःचं टेबल आणि स्वतःचा विषय देतंय? मथळा बदललाय.

आता नशीब. इथे मात्र मी मागे हटणार नाही.

काय झालं ते परत सांगते, लेखात मी ते चार ओळींत गुंडाळलं होतं, माझीच चूक. साठच्या दशकाच्या सुरुवातीला पेडरसनला व्हॅनेडियम या धातूला धरून ठेवेल असा एक रेणू (लिगँड) बनवायचा होता. त्यासाठी कॅटेकॉल या दोन हातांच्या रेणूचा एक हात बांधून ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने रिअ‍ॅक्शन करायची असा बेत होता, पण त्याच्या मालात साधारण 10 टक्के कॅटेकॉल दोन्ही हात मोकळे असलेलं राहिलं होतं, आणि हे त्याला माहीत होतं, तरी त्याने काम पुढे रेटलं. शेवटी हाती आला चिकट घाण लगदा, आणि तो साफ करताना त्यातून निघाले थोडेसे पांढरे, रेशमासारखे तंतुमय स्फटिक. यील्ड, म्हणजे अपेक्षित मालापैकी हाती आलेला, 0.4 टक्के. इथपर्यंत नशीब म्हणा, मी भांडणार नाही.

पण पुढचं बघा ना. हे स्फटिक मिथेनॉलमध्ये नीट विरघळत नव्हते, कॉस्टिक सोडा टाकला की विरघळायचे. कुणीही म्हणेल फिनॉल, म्हणजे आम्लासारखं वागणारं रसायन, असेल, सोड्याशी रिअ‍ॅक्शन झाली, सोडून द्या. त्यालाही आधी तसंच वाटलं, पण यूव्ही स्पेक्ट्रम (पदार्थ अतिनील प्रकाश किती शोषतो त्याचा आलेख) फिनॉलसारखा वागेना. मग त्याने सोड्याऐवजी सोडियमचं न्यूट्रल, म्हणजे अल्कली नसलेलं, मीठ टाकून पाहिलं, तरी विरघळले! म्हणजे काम अल्कलीचं नव्हतं, सोडियमचं होतं. त्यात अ‍ॅनालिसिसवरून जो छोटा रेणू वाटत होता त्याच्या बरोब्बर दुप्पट रेणूभार निघाला, 360. म्हणजे 18 अणूंचं गोल कडं, त्यात 6 ऑक्सिजन, आणि मधल्या भोकात सोडियम जाऊन बसलेला. मॉडेल मुकुटासारखं दिसतं म्हणून नाव क्राऊन ईथर.

आणि हे त्यालाच का दिसलं? तर त्याआधीची तीसेक वर्षं तो करत काय होता ते पाहा. पेट्रोलमध्ये, रबरात तांब्यासारख्या धातूचा अंश गेला की माल लवकर खराब होतो, त्या धातूला पकडून गप्प बसवणारी रसायनं शोधणं हे त्याचं काम होतं. धातूला धरून ठेवणारा रेणू कसा वागतो हे ज्याच्या अंगात मुरलंय त्याच्याच हाताखाली ते 0.4 टक्के आले. एरवी ते सिंकमध्येच गेले असते.

हे मी खात्रीने म्हणते कारण मी ते सिंकमध्ये घातलेत. पेडरसनचे नव्हेत हो, माझे. लग्नाआधी एका कारखान्याच्या लॅबमध्ये होते, नाव नको. आमच्याकडे इम्प्युरिटी अर्ध्या टक्क्याच्या खाली आली की बॅच पास, सही, पुढची बॅच. एकदा डिसेंबरात मदर लिकरचा (माल काढून घेतल्यावर उरलेल्या द्रवाचा) फ्लास्क शनिवार-रविवार खिडकीत राहिला आणि सोमवारी बघते तर तळाला सुयांसारखे स्फटिक, आमच्या प्रॉडक्टचे तसे कधीच येत नसत. साहेबांना दाखवले. ते म्हणाले, फ्लास्क मोकळा कर, दुपारी लागणारे. मी अ‍ॅसिटोनने धुतला. त्यात काही असेलच असं नाही, बहुतेक नसेलच, पण मेल्टिंग पॉइंट तरी काढायला हवा होता की नाही?

पेडरसनला तो काढायला वेळ मिळाला, कारण 1947 पासून कंपनीने त्याला रिसर्च असोसिएट केलं होतं आणि काय करायचं हे बऱ्यापैकी त्याच्यावर सोडलं होतं. तुम्ही यालाच नशीब म्हणत असाल तर मान्य. असा साहेब मिळणं हे नशीबच.

तिसरा मुद्दा. "एक कंपाउंड" हे साफ चूक आहे. 1967 च्या त्याच्या पेपरमध्ये 9 पासून 60 अणूंपर्यंतची कडी आहेत, कुठलं कडं कुठल्या धातूला धरतं याचा हिशेब आहे, आणि लेखक म्हणून एकट्याचं नाव, वय बासष्ट-त्रेसष्ट. दोन वर्षांनी, 1969 ला, 42 वर्षांच्या नोकरीनंतर तो रिटायर झाला आणि मासेमारी, बागकाम, पक्षी बघणं यात रमला.

लेनबद्दल मात्र मी कमी लिहिलं, कबूल. पेडरसनचं कडं सपाट, लेनने ते सगळ्या बाजूंनी बंद करून पिंजरा केला, क्रिप्टंड, त्यामुळे धातू कितीतरी घट्ट धरला जातो. सुप्रामॉलिक्युलर हे नावही त्याचंच, 1978 चं. नोबेलमधले तिसरे डोनाल्ड क्रॅम, त्यांनी याला यजमान-पाहुण्याची केमिस्ट्री म्हटलं, आणि पाहुणा यायच्या आधीच यजमानाची बैठक मांडून तयार हवी हे दाखवलं (हे आपल्याकडे कुणाला वेगळं शिकवावं लागत नाही). 1987 चं नोबेल तिघांना मिळून होतं. तेव्हा पेडरसन 83 वर्षांचा, आजारी, तरी स्टॉकहोमला गेला. 1989 ला वारला. लेनवर वेगळा लेख लिहीन, तुम्ही कच्चा खर्डा तपासून देणार असाल तर आणखी बरं.

राहता राहिलं तुमचं शेवटचं वाक्य, की हे सगळं कागदावरचं, सामान्य माणसाला दिसतं काय यात? दिसतं की. विहिरीत टाकतात ते पोटॅशियम परमँगनेट बेन्झिनमध्ये टाका, काही होत नाही, कण तळाला पडून राहतात, वरचं द्रव पाण्यासारखं स्वच्छ. त्यात चिमूटभर क्राऊन ईथर टाकून हलवा, अख्खं बेन्झिन जांभळं होतं. कड्याने पोटॅशियमला पोटात घेतलं, आणि त्याच्यामागे परमँगनेटला यावंच लागलं.

तुम्ही कॉलेजात शिकवता असं लिहिलंयत म्हणून सांगते, पोरांना दाखवणार असाल तर बेन्झिन नको, टोल्युइन घ्या, ग्लोव्हज घाला, आणि फ्यूम हूडमध्येच करा. फोटो काढलात तर पाठवा.