कंपनरोधक पायांबद्दलच्या आपल्या तक्रारीला उत्तर

नमस्कार. आपला एक ताऱ्याचा अभिप्राय वाचून आधी राग आला. मग आमच्याच वेबसाइटवरचं वर्णन पुन्हा वाचलं आणि राग आपल्यावरचा गेला.

आपलं म्हणणं असं: स्प्रिंगचे चार पाय अँपखाली (अँप्लिफायर) आणि नंतर डॅकखाली (डिजिटल संगीताचं विद्युत संकेतात रूपांतर करणारी पेटी) ठेवून महिनाभर ऐकलं, काडीचा फरक नाही. मग तेच रेकॉर्ड वाजवायच्या सहा किलोच्या टर्नटेबलखाली ठेवले, तर खोलीत कुणी चाललं की सुई उडायला लागली. आधी उडत नव्हती. ‘शुद्ध फसवणूक’.

अँपबद्दल आपले कान बरोबर आहेत. ट्रान्झिस्टरच्या अँपमध्ये किंवा डॅकमध्ये घरातल्या हादऱ्याचा ऐकू येईल असा आवाज करणारं काही नसतं. काही सिरॅमिक कपॅसिटरवर ताण आला की सूक्ष्म व्होल्टेज तयार होतं हे खरं, पण टेबलावरच्या थरथरीने ते कानापर्यंत पोचत नाही. ‘आवाजावरचा पडदा दूर होतो’ हे वाक्य आम्ही उत्पादकाच्या पत्रकातून तसंच उचललं होतं. ते काढलं आहे. मीही यात एकदा फसलोय. पाय लावले आणि फरक जाणवला! मग मुलाला पाय घालायला-काढायला लावून, पाठ फिरवून ऐकलं, तर एकदाही खात्रीने सांगता येईना.

ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर, म्हणजे व्हॉल्व्हवर चालणाऱ्या अँपचं मात्र वेगळं, तिथे हादरा ऐकू येऊ शकतो. चालू व्हॉल्व्हवर पेन्सिलीने हलकेच टिचकी मारली की कधी कधी स्पीकरमधून ‘टण्ण’ असा आवाज येतो.

आता टर्नटेबल. इथे फसवणूक म्हणू नका, पण चूक आमचीच आहे, आणि ती पहिलीपेक्षा मोठी. रेकॉर्डच्या चरातली नागमोड मायक्रोमीटरमध्ये मोजावी लागते. गाण्याचं कंपन कोणतं आणि आपल्या पावलाचं कोणतं, हे सुईला कळत नाही, ती दोन्ही वाचते. म्हणून कंपन अडवल्याचा फरक खरोखर ऐकू येतो तो इथे. पण स्प्रिंगला स्वतःचा एक ठेका असतो, म्हणजे ती सेकंदाला ठरावीक वेळा (हर्ट्झमध्ये मोजतात) डोलते. त्याच्या साधारण १.४ पटीच्या वरची कंपनंच ती अडवते, आणि ठेक्याच्या आसपासची उलट वाढवते. हा ठेका ठरतो स्प्रिंग वजनाखाली किती दबते त्यावर: १० मिलिमीटर दबली तर ५ हर्ट्झ, २.५ मिलिमीटर दबली तर १० हर्ट्झ. आमचे चार पाय मिळून २५ किलोला १० मिलिमीटर दबतात. आपल्या सहा किलोला जेमतेम अडीच. म्हणजे ठेका १० हर्ट्झच्या आसपास गेला, आणि टोनआर्म (सुईचा दांडा) आणि कार्ट्रिज (त्याच्या टोकाचा सुई बसवलेला भाग) यांची जोडी स्वतः डोलते तीही बहुधा ८ ते १२ हर्ट्झलाच. पाऊल पडलं की दोघं एकत्र झुलणार, सुई उडणारच. किती वजनासाठी कोणते पाय, हे विकताना विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

नवे पाय घेण्याआधी एक करून बघा. मोटर बंद ठेवा, थांबलेल्या रेकॉर्डवर सुई टेकवा, आवाज नेहमीएवढा ठेवा आणि स्टँडवर बोटाने टकटक करा. स्पीकरमधून काहीच आलं नाही तर पायांची गरज नाही. धपधप आली तर आहे. लाकडी, हलणाऱ्या जमिनीवर बहुतेक वेळा पक्क्या भिंतीला ठोकलेली फळी आमच्या कोणत्याही पायापेक्षा बरी पडते. फळ्या आम्ही विकत नाही.

चारही पाय परत पाठवा, खोकं नसलं तरी चालेल. पूर्ण रक्कम परत मिळेल, पाठवण्याचा खर्च आमचा. सहा किलोला पुरेशा दबतील अशा मऊ स्प्रिंगचे पाय वापरून बघायचे असतील तर टर्नटेबलचं मॉडेल कळवा. त्याच्या आत आधीच स्प्रिंगवर टांगलेली चौकट असेल तर आम्ही तेही पाठवणार नाही.