एप्रिलचा बर्फ ‘बसलेला’ नसतो

परीक्षा संपल्या की गोव्यातून मनाली-सिक्कीमला निघालेल्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश फिरू लागतो: ‘हिमस्खलन हिवाळ्यातच होते. एप्रिल-मेमध्ये बर्फ बसून घट्ट झालेला असतो. ऊन पडले की निर्धास्त जा, फक्त ओरडू नका.’ यावर विसंबून लोक मुलाबाळांसह बर्फात उतरतात, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

हिवाळ्यातच? सिक्कीममध्ये नाथू ला रस्त्यावर 4 एप्रिल 2023 रोजी भर दुपारी हिमस्खलन झाले. 7 पर्यटकांचा जीव गेला.

‘बसून घट्ट’ हा सर्वांत फसवा मुद्दा, कारण सकाळी तो खरा वाटतो. मिरामारच्या किनाऱ्यावर जरा ओलसर वाळूचा किल्ला उभा राहतो. त्यात पाणी भरले की तोच ओघळतो. बर्फाचेही तसेच. वितळलेले पाणी थरांतून झिरपते, कणांची पकड सोडवते आणि आतल्या कडक पापुद्र्यावर साचते. मग वरचा थर घसरतो. हिवाळाभर कोरड्या राहिलेल्या थरांत पहिल्यांदा पाणी शिरते, ते दिवस फार वाईट.

ऊन तर उलट धोका वाढवते. निरभ्र रात्री बर्फ गोठतो, म्हणून जाणती पथके पहाटे तीन-चारला निघून ऊन चढण्याआधी उतरतात. रात्री ढग असले तर बर्फ नीट गोठत नाही. मग पहाटेचाही भरवसा नाही. पूर्वेचे उतार आधी तापतात, पश्चिमेचे दुपारनंतर. बूट घोट्याच्या वर रुतू लागला, बर्फाचे गोळे आपोआप गडगडू लागले, की 30 ते 45 अंशांचे उतार सोडायचे. वाट सपाट असली तरी डोक्यावरचा उतार पाहायचाच.

ओरडण्याने काही होत नाही; आवाजात तेवढा जोर नसतो. थर तुटतो वजनाने, नव्या बर्फाने, पावसाने, उष्णतेने. दहा जण गुपचूप एकत्र उतार ओलांडतात, तो खरा धोका. एकेकाने जावे, बाकीच्यांनी घळीबाहेर थांबावे.

‘ओला बर्फ हळू येतो, पळता येते’ अशी पुस्तीही कोणी जोडतो. कोरड्यापेक्षा हळू, हे खरे. पण घनमीटरला अर्ध्या टनाच्या आसपास वजन, आणि थांबताच सिमेंटसारखा आवळतो. गाडलेल्याला पहिल्या 10-15 मिनिटांत काढावे लागते, म्हणजे सोबत्यांनीच. बर्फाळ उतारावरच्या ट्रेकला प्रत्येकाच्या अंगावर बीकन (गाडलेल्याचा ठाव लावणारे रेडिओ-यंत्र), पिशवीत प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडे हवे.

आगाऊ पैसे भरण्याआधी आयोजकाला विचारा: उतारावरून किती वाजता खाली येणार, चंदीगडच्या डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेचे हिमस्खलन बुलेटिन रोज कोण पाहणार, आणि परत फिरायचे कोण ठरवणार?