बिल लॅमिनेट करून ठेवलं म्हणून भाव वाढत नाही

परवा एका ग्रुपवर मला एकाने सरळ काळाबाजारवाला म्हटलं. कारण काय, तर आठ जीबी डीडीआर४ रॅमची, म्हणजे पीसीच्या मेमरीची, स्टिक मी २६०० ला लावली होती आणि त्याला आठवत होतं की वर्षापूर्वी मीच ती ११०० ला विकत होतो. उत्तर टाइप करायला बसलो तर ते एवढं लांबलं की म्हटलं पोस्टच टाकू. ज्यांना जुना पीसी काढायचाय त्यांनी वाचा, बाकीच्यांनी स्क्रोल करा.

आधी सांगतो, माझं दुकान नाही. दिवसा नोकरी आणि संध्याकाळी, रविवारी जुने पीसी घ्यायचे, खोलायचे, ब्लोअर मारायचा, टेस्ट करायचं आणि सुटे पार्ट विकायचे. चिंचवडला राहतो, निम्मा माल घरगुती, निम्मा ऑफिसं जुनं काढतात तेव्हाचा, आणि अडलं की पुण्यातली बुधवार पेठेतली इलेक्ट्रॉनिक्सची तापकीर गल्ली आहेच. घरचे म्हणतात बाल्कनी मोकळी कर, ते वेगळंच.

तर २०२५ च्या मे महिन्यात निगडीच्या एका काकांचा फोन आला. मुलगा बाहेरदेशी गेलाय, पीसी पडून आहे, येऊन बघून जा. गेलो. पीसीवर कव्हर, कीबोर्डवर कव्हर, आणि काकांच्या हातात बिल. लॅमिनेट केलेलं! दिवाळी २०१७ चं, एकूण चौपन्न हजार. आय५-७४०० प्रोसेसर, एच११० मदरबोर्ड, आठ जीबी डीडीआर४ ची एक स्टिक, एक टीबी हार्डडिस्क, १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड, मॉनिटर, सगळं व्यवस्थित. काका म्हणाले, "निम्मे तरी दे. सत्तावीस."

मी त्याच बिलाच्या झेरॉक्सवर मागे पेनने लिहून दाखवलं. प्रोसेसर २२००, बोर्ड २३००, रॅम ९००, कार्ड ४२००, हार्डडिस्क ५००, मॉनिटर १८००, कॅबिनेट ३००, एसएमपीएस (पॉवर सप्लाय) शून्य. झाले बारा हजार दोनशे. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "शून्य? चालू आहे तो." चालू आहे हो काका, पण आठ वर्षं जुना एसएमपीएस मी कुणाच्या बोर्डाला लावायला देऊ, उद्या तो गेला तर एकटा जात नाही, शेजाऱ्याला घेऊन जातो.

"आणि प्रोसेसरपेक्षा बोर्ड महाग कसा रे? बिलात बघ, प्रोसेसर तेरा हजार, बोर्ड पाच." हा प्रश्न मात्र मला फार आवडला. प्रोसेसर सहसा मरत नाही, पंधरा वर्षांपूर्वीचेही चालतात. मरतो तो बोर्ड. कपॅसिटर फुगतो, रॅमचा स्लॉट जातो, प्रोसेसर बसतो त्या सॉकेटची पिन वाकते, यूएसबी शॉर्ट होतो. त्यामुळे बाजारात प्रोसेसर ढीगभर उरतात आणि ते बसवायला चालू बोर्ड कमी, की उलटा भाव लागलाच. त्यातही काकांच्या आय५ च्याच सॉकेटमध्ये बसणारा वरचा प्रोसेसर घ्या, आय७-७७००. तो वर्षानुवर्षं भाव सोडत नाही. आता नवा आय३-१२१००एफ त्याला मागे टाकतो, चार कोर आठ थ्रेड दोघांनाही, वर तीन वर्षं वॉरंटी. तरी लोक जुना आय७ शोधतात, कारण नव्या आय३ साठी बोर्डही बदलावा लागतो आणि घरात आय५ असलेल्या माणसाला तेवढा एकच पार्ट काढून दुसरा बसवायचा असतो. मग भाव कशाशी ठरला? त्या माणसाला आज दुसरा रस्ता काय आणि केवढ्याला पडतो, त्याच्याशी. २०१७ चं बिल त्यात कुठेच येत नाही.

बिलाला किंमत असते, नाही असं नाही, पण वॉरंटी असेपर्यंतच. वॉरंटी शिल्लक असलेलं कार्ड मी डोळे झाकून हजार-दीड हजार जास्त देऊन घेतो. वॉरंटी संपली की ते बिल म्हणजे आठवण.

काकांनी मग फोन काढला. "ओएलएक्सवर हाच सेट पंचवीसला आहे, बघ." हे तर मला आठवड्यातून दोनदा ऐकावं लागतं. अहो, तिथे जे दिसतं ते न विकलेल्या मालाचे भाव असतात! जो बरोबर भावाला लावला होता तो दोन दिवसांत गेला, त्याची जाहिरात तुम्हाला दिसणारच नाही. जी तीन महिने लटकलीय ती दिसते, आणि ती बघून पुढचा माणूस आपली लावतो. मी जाहिराती सेव्ह करून ठेवतो आणि कुठली लवकर गायब होते ते बघतो, भाव तिथे कळतो.

काका काही बधले नाहीत. चहा मात्र दिला.

आता मला काळाबाजारवाला म्हणणाऱ्या भाऊंकडे येतो. २०२१ मध्ये मायनिंगमुळे, म्हणजे कार्डांवर क्रिप्टोचलन कमावण्याच्या धंद्यामुळे, ग्राफिक्स कार्डांना सोन्याचा भाव होता, चार वर्षं जुनं आरएक्स ५८० कार्ड लोक हसत हसत बिलापेक्षा जास्त देऊन नेत होते. २०२२ च्या उन्हाळ्यात भाव उतरायला लागला तेव्हा मला वाटलं आता तळ गाठला, आणि मी १६६० सुपरची दोन कार्डं सतरा-सतरा हजारांना उचलली. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या क्रिप्टोचलनाने मायनिंगची पद्धतच बंद केली आणि देशोदेशीच्या मायनरांनी आपापली कार्डं एकदम बाजारात ओतली. त्यात माझ्या या दोन्ही कार्डांवर डाग, पिवळा पडलेला बोर्ड, घरघरणारे फॅन. शेवटी अकरा अकराला काढली. बारा हजार गेले. तेव्हा एकही गिऱ्हाईक म्हणालं नाही की दादा तुमची खरेदी सतराची आहे, घ्या सतरा. आणि म्हणायलाही नको होतं, नव्या कार्डाचा भाव पडला होता तर माझ्या जुन्याचा पडणारच.

मग तोच नियम वर जाताना का नको? २०२५ च्या उत्तरार्धात एआयच्या डेटा सेंटरवाल्यांनी मेमरी एवढी उचलली की आपल्यासारख्यांची रॅम महागली, डीडीआर४ तशीही कंपन्या कमी करत आणत होत्या, आणि डिसेंबरमध्ये तर मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने क्रुशियल या आपल्या ब्रँडचा रिटेल धंदाच गुंडाळतो म्हणून जाहीर केलं. नवी स्टिक दुप्पट-तिप्पट झाल्यावर जुनी ११०० ला राहील कशी? मी ११०० ला लावली असती तर तुम्ही नाही, दुसरा कुणीतरी विकणाराच दहा मिनिटांत उचलून २६०० ला लावून मोकळा झाला असता. माझी खरेदी ८०० ची होती हे मी लपवत नाही. सात दिवस टेस्टिंग वॉरंटी देतो, मेमटेस्टचा (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) फोटो पाठवतो, आणि "लास्ट किती?" ला एकदाच उत्तर देतो. सगळ्या स्टिका चार दिवसांत संपल्या.

हार्डडिस्कचं मात्र वेगळं, तिथे नव्याचा भाव बघून भागत नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्क तपासणारा प्रोग्रॅम उघडा आणि ती किती तास चाललीय ते बघा. काकांची ९ हजार तास चाललेली, घरगुती. ऑफिसची एक आली होती ४१ हजार तासांची, म्हणजे साडेचार वर्षांहून जास्त अखंड चालू. दोन्ही एक टीबी, दोन्ही "एकदम ओके". मी दुसरी घेतलीच नाही. रिअलोकेटेड सेक्टर, म्हणजे डिस्कचे खराब झालेले भाग, दिसले तर फुकटही घेऊ नका.

असो. २०२६ च्या जानेवारीत काकांचा परत फोन. "तो बारा म्हणाला होतास ना, ये घेऊन जा." मी म्हटलं काका, आता परत लिहावं लागेल. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या जनरेशनच्या प्रोसेसरपासून पुढे, तुमचा सातवीतला, त्यामुळे ऑफिसांनी सहावी-सातवी जनरेशन पोत्याने काढली. प्रोसेसर १५००, बोर्ड २०००, कार्ड ३५००, मॉनिटर १५००, हार्डडिस्क आणि कॅबिनेट तेच, आणि रॅम २५००. बेरीज अकरा हजार आठशे.

काका कागदाकडे बघत बसले. "सगळं उतरलं, आणि रॅम तेवढी चढली?"

"हो."

"नऊशेची पंचवीसशे. आठ महिन्यांत."

"हो काका."

"अजून चढेल?"

मी म्हटलं सांगता येत नाही. काका उठले, आत जाऊन स्क्रूड्रायव्हर घेऊन आले, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "ती तेवढी काढून दे मला. बाकी नऊ हजार तीनशेला घेऊन जा." काढलेली स्टिक त्यांनी लॅमिनेट केलेल्या बिलासोबत पाकिटात घालून कपाटात ठेवली.

सेट आता माझ्या बाल्कनीत आहे, रॅमशिवाय, त्यामुळे गिऱ्हाइकाला चालू करून दाखवता येत नाही. कुणाकडे आठ जीबी डीडीआर४ ची एक स्टिक पडून असेल तर इनबॉक्स करा. भाव जरा रीझनेबल सांगा.