रेनेसाँ फेअरमधलं ‘दाऊ’ म्हणजे ‘तू’, ‘आपण’ नव्हे

अमेरिकेतल्या रेनेसाँ फेअरला, म्हणजे जुन्या काळचे पोशाख आणि बोली मिरवणाऱ्या जत्रेला, हल्ली बरीच मराठी कुटुंबं हौसेने जातात. झगे, टोप्या, चामडी पट्टे चढवले की जुनं इंग्रजी बोलायचा मोहही होतोच, आणि व्हायलाच हवा. पण तिथे सर्रास कानावर पडणारं जुनं इंग्रजी कुठल्याच शतकात कोणी बोललेलं नाही. दिसेल त्या क्रियापदाला ‘एथ’ (-eth) आणि भेटेल त्याला ‘दाऊ’ (thou)! नियम मोजकेच आहेत, आणि त्यातले निम्मे मराठी माणसाच्या जिभेवर आधीपासून आहेत. म्हणून ते नीट शिकूनच बोलावं, असं माझं ठाम मत आहे.

आधी काळ ठरवा. 1963 मध्ये फिलिस आणि रॉन पॅटर्सन या जोडप्याने कॅलिफोर्नियात अशा जत्रेची सुरुवात केली. तिथे रूढ झाला तो पहिल्या एलिझाबेथ राणीचा काळ, म्हणजे 1558 ते 1603. खरं मध्ययुगीन इंग्रजी कवी चॉसरचं, आणि तो 1400 मध्ये वारला. सरदाराला आज ‘नाइट’ म्हणतात, चॉसरच्या तोंडी तो ‘क्निख्ट’ होता. ते बोललात तर समोरच्याला काही कळणार नाही. जत्रा स्वतःला मध्ययुगीन म्हणवत असली तरी बोलावं ते 16व्या शतकाच्या अखेरचंच.

आता ‘दाऊ’. (उच्चार ‘थाऊ’ नाही, ‘द’ मऊ, जीभ दातांना लावून.) हा शब्द भारदस्त वाटतो म्हणून लोक राणीचं काम करणाऱ्या बाईलाही ‘दाऊ’ म्हणतात. हे म्हणजे थेट अरे-तुरे झालं. ‘दाऊ’ मुलाला, मित्राला, नोकराला, प्रेमाच्या माणसाला आणि देवाला. विठोबाला आपण ‘तू’ म्हणतो, तसंच. मोठ्यांना, अनोळखी माणसाला आणि अनेकांना ‘यू’. राणीला ‘यू’ आणि ‘युअर मॅजेस्टी’. अनोळखी माणसाला ‘दाऊ’ म्हणणं हा अपमान होऊ शकत असे. 1603 मध्ये सर वॉल्टर रॉली या सरदारावर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोकने त्याला भर न्यायालयात ‘दाऊ’ म्हटलं, आणि मुद्दाम म्हणतोय हेही ऐकवलं. पुढे त्याच शतकात क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी समतेच्या तत्त्वापायी सगळ्यांनाच, अगदी न्यायाधीशांनाही, ‘दाऊ’ म्हणायला सुरुवात केली आणि त्याबद्दल पुष्कळ सोसलं.

रूपं चारच. कर्ता ‘दाऊ’, कर्म ‘दी’, ‘तुझा’साठी व्यंजनापूर्वी ‘दाय’ आणि स्वरापूर्वी ‘दाइन’: दाय हँड, दाइन आय. ‘दाइन’ एकट्याने आलं की ‘तुझं आहे’ या अर्थी.

क्रियापद इथे सगळ्यात जास्त बिघडतं. ‘तू जातोस’, ‘तू आहेस’ यातला शेवटचा ‘स’ लक्षात ठेवा. ‘दाऊ’बरोबर तिथे ‘एस्ट’ किंवा ‘स्ट’ येतो. दाऊ गोएस्ट, दाऊ हॅस्ट, दाऊ नोएस्ट. अपवाद पाठच करा: दाऊ आर्ट, दाऊ विल्ट, दाऊ शॅल्ट. ‘एथ’ फक्त तो, ती, ते यांना: ही गोएथ, शी हॅथ. ‘आय गोएथ’, ‘वी गोएथ’ हे दोन्ही साफ चूक. आज्ञार्थाला तर काहीच लागत नाही, नुसतं ‘कम हिदर’. त्या काळी लंडनच्या बोलण्यात ‘एथ’ जाऊन ‘एस’ येतच होता, त्यामुळे ‘हॅथ’ (has) आणि ‘डथ’ (does) एवढे दोनच वापरलेत तरी अस्सल वाटेल.

‘मीथिंक्स’ तर मराठी माणसाने चुकूच नये. त्यातला ‘मी’ म्हणजे ‘मला’, आणि अख्खा शब्द म्हणजे ‘मला वाटतं’. त्यामागे ‘आय’ लावलं की ‘मी मला वाटतं’ होतं.

‘प्रिदी’ हे ‘आय प्रे दी’चं आखडलेलं रूप. पोटात ‘दी’ आहे, म्हणून बरोबरीच्या माणसालाच. वडीलधाऱ्यांना ‘आय प्रे यू’. ‘व्हेअरफोर’ म्हणजे ‘का’, ‘कुठे’ नव्हे. ‘अनॉन’ म्हणजे ‘आलोच’. नकाराला क्रियापदानंतर ‘नॉट’ ठेवलं की लगेच जुना बाज येतो: ‘आय नो नॉट’. दुकानांच्या पाट्यांवरचं ‘ये ओल्ड’ वाचताना ‘द’च म्हणा, तो ‘वाय’ खरं तर ‘थॉर्न’ नावाच्या जुन्या अक्षराच्या जागी आलाय. सरदाराला ‘सर’ लावायचं ते पहिल्या नावापुढे: सर वॉल्टर, सर रॉली कधीच नाही. ‘ओके’ पूर्ण बंद, तो 1839चा अमेरिकन शब्द आहे. ‘हॅलो’ऐवजी ‘गुड मॉरो’ किंवा ‘वेल मेट’.

उच्चारासाठी टीव्हीवरचं लंडनचं इंग्रजी घोटू नका. त्या काळी ‘हार्ट’, ‘वर्ड’ यांतला ‘र’ स्पष्ट उच्चारत. लंडनच्या ग्लोब थिएटरने 2004 मध्ये भाषातज्ज्ञ डेव्हिड क्रिस्टल यांच्या मदतीने त्या काळच्या उच्चारांत नाटक केलं, त्यातही हा ‘र’ ठणठणीत ऐकू येतो. आपल्या बोलण्यात तो असतोच, तो अजिबात लपवू नका.

आणि शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी सांगायची असेल, मूल हरवलं असेल किंवा उन्हाने कोणाला चक्कर आली असेल, तर त्या क्षणी सरळ आजच्या इंग्रजीत बोला. ‘प्रिदी’ने सुरुवात केलीत तर ऐकणाऱ्याला तो नाटकाचाच भाग वाटेल.