७५ रुपयांचा रविवार

एप्रिल लागला की आमच्या आईला लालबाग आठवतं. गणपतीसाठी नाही हां, मिरची गल्लीसाठी. मुलुंडला आमच्या बिल्डिंगखालीच मसाल्याचं दुकान आहे, बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी सगळं मिळतं, माणूस घरपोच आणून देतो, पण त्याच्याकडे किलोमागे पंधरा-वीस रुपये जास्त, आणि आईच्या मते तो भाव फक्त येड्यांसाठी लावलेला असतो.

यंदा मी तयारीत होतो. पगार भागिले दिवस, भागिले तास करून माझा एक तास साडेतीनशे रुपयांना पडतो हा हिशोब काढून ठेवलेला. शनिवारी रात्री तो आईसमोर मांडला. आई कडवे वाल सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "उद्या आयतवार. उद्या तुका कोण देतलो साडेतीनशे?"

आई मालवणीत शिरली की वाद संपलेला असतो. मी गपचूप पिशव्या शोधायला लागलो.

रविवार म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी लोकलचा मेगाब्लॉक, हे मुंबईत जन्म काढलेल्या माणसाने विसरू नये, पण मी विसरलो. लालबागला जायचं तर चिंचपोकळी नाहीतर करी रोडला उतरायचं, आणि नेमकी आमची स्लो गाडी फास्ट ट्रॅकवर टाकलेली, ती दोन्हीकडे थांबणार नव्हती. उतरलो परळला. रिक्षा सायनच्या पुढे येतच नाही, म्हणून टॅक्सीला हात केला तर आईने तोच हात धरून खाली केला. मिनिमम ३१ रुपये! तेवढ्यात पाव किलो धणे येतात. मग डोक्यावर ऊन घेऊन आम्ही ते पाव किलो धणे वाचवत लालबागपर्यंत चालत गेलो.

मिरची गल्लीत शिरल्यावर पहिली पाच मिनिटं कोणी कोणाशी बोलत नाही, सगळे नुसते शिंकत असतात. अपवाद आई. ती थेट पोत्यात हात घालते, एक बेडगी उचलते, कानाजवळ नेऊन मोडते. कडक आवाज आला पाहिजे, नुसती वाकली तर मिरचीत ओल आहे, म्हणजे आपण पाण्याचे पैसे देतोय.

"केवढ्याला?"

"तीनशे चाळीस, मावशी."

"ओली आहे."

"काय बोलता मावशी, कालच ऊन दाखवलंय!"

"आम्हाला नाही दाखवलं."

यानंतर जे झालं त्याला घासाघीस म्हणणं म्हणजे कसोटी क्रिकेटला गल्ली क्रिकेट म्हणण्यासारखं आहे. आधी तीन दुकानं नुसती फिरलो, काही न घेता, फक्त चेहरा दाखवायला. मग परत पहिल्याकडे. आई म्हणाली तीनशे, तो म्हणाला परवडत नाही, आई वळली आणि चालायला लागली. मी पावलं मोजत होतो. बाराव्या पावलाला हाक आली, "ओ मावशी, या, तीनशे पंचवीस!" नंतर आईने सांगितलं की पंधरापर्यंत हाक नाही आली तर चप्पल नीट करायच्या निमित्ताने थांबायचं. साठीनंतर माणूस इतकं प्लॅनिंग करतो आणि मी मात्र फ्लॅट घेताना बिल्डरने फ्लोअर राइज, म्हणजे वरच्या मजल्याचे जादा पैसे, सांगितल्यावर "ओके सर" म्हणालो होतो, ते आठवून उगाच पोटात कालवलं.

बेडगी, संकेश्वरी सगळी मिळून पाच किलो, सगळीवर किलोमागे पंधरा सुटले. ७५ रुपये. वर मूठभर तिरफळं फुकट. वेळ लागला एक तास दहा मिनिटं, म्हणजे माझ्या हिशोबाने चारशेच्या वर गेले, पण हे मनातच ठेवलं.

मग भाजणं, मग मसाला कुटायच्या डंकाची लाईन. धडाम धडाम आवाज, लाल धुरळा, आणि प्रत्येक डंकापुढे एकेक आई पहारा देत उभी, कारण आपल्या मसाल्यात दुसऱ्याचा मसाला मिसळला तर वर्षभराचं कालवण बिघडतं अशी तिथे सगळ्यांचीच श्रद्धा आहे. दोन तास उभे होतो. आईने तेवढ्यात शेजारच्या बाईंकडून त्यांचं माहेर, मुलीचं स्थळ आणि त्यांना मिरची केवढ्याला मिळाली हे सगळं काढून घेतलं. त्यांना तीनशे तीसने मिळालेली. परतीच्या गाडीत आईच्या चेहऱ्यावर जे तेज होतं ते माझ्या दहावीच्या निकालालासुद्धा नव्हतं.

रात्री आठला घरी पोचलो. दही संपलेलं. खाली डेअरीपर्यंत चार मिनिटं, पण माझे पाय संपलेले, म्हणून मोबाईलवर मागवलं. तर डिलिव्हरीचे पंचवीस रुपये वेगळे! अजून ४८ रुपयांचं काहीतरी घेतलं तर डिलिव्हरी फुकट. फुकटचे पंचवीस कोण देणार? वीस मिनिटं शोधत बसलो, बिस्किटं नको, साबण आहे, शेवटी कंटाळून जे पहिलं दिसलं ते दाबलं.

बेल वाजली. आईने पिशवी उघडली, दही बाजूला ठेवलं आणि आतून शंभर ग्रॅम लाल तिखटाचं पाकीट काढून दिव्याखाली धरलं. घरभर ताज्या मसाल्याचा वास सुटलेला.

"केवढ्याला दिलं?"