सहीऐवजी पोस्टकार्ड

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर सहीसाठी वही पुढे करणाऱ्या मुलांना सही देत नसत. विज्ञानातला एखादा प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठवा, मी उत्तर लिहीन आणि त्याखाली माझी सही असेलच, असे ते सांगत. २० मे २०२५ रोजी ते गेले, त्यानंतर ही आठवण अनेकांनी पुन्हा सांगितली. पण बहुतेकांनी ती थोर माणसाचा एक गोड किस्सा म्हणून सांगितली आणि मला नेमके तेच खटकले. मी तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. माझ्या मते त्या अटीत शिकवण्याची एक पूर्ण पद्धत आहे: मुलाने आधी प्रश्न शोधायचा, तो पोस्टकार्डात मावेल इतक्या नेमक्या शब्दांत मांडायचा आणि मगच शास्त्रज्ञाने बोलायचे.

आमच्याकडे बहुधा याच्या उलट घडते. काही वर्षांपूर्वी विज्ञानदिनाला एका मोठ्या संस्थेतील संशोधक आमच्या शाळेत आले, पाऊण तास पडद्यावर दीर्घिकांची सुंदर चित्रे दाखवून बोलले, आणि प्रश्नांची वेळ आली तेव्हा शाल, श्रीफळ व आभारप्रदर्शन उरकायचे राहिले होते. (श्रीफळ आणण्याचे काम माझ्याकडेच होते, तेव्हा सगळा दोष पाहुण्यांचा म्हणता येणार नाही.) मुलांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी वर्गात त्या व्याख्यानाविषयी कोणी काही विचारले नाही.

१९७२ मध्ये केंब्रिजहून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आलेले नारळीकर १९८८ मध्ये पुण्याच्या आयुकाचे संस्थापक-संचालक झाले. खगोलशास्त्रातील संशोधनासाठी उभारलेल्या त्या संस्थेत शाळकरी मुलांसाठी दुसऱ्या शनिवारची व्याख्याने होऊ लागली, उन्हाळ्याच्या सुट्टीत मुले आठवडाभर एखाद्या शास्त्रज्ञाबरोबर काम करू लागली आणि पुढे पु. ल. देशपांडे यांच्या कुटुंबाकडून मिळालेल्या देणगीतून मुक्तांगण विज्ञान शोधिका उभी राहिली. तिथे अरविंद गुप्ता यांनी अनेक वर्षे टाकाऊ वस्तूंतून खेळणी तयार केली. त्यांच्या काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी मी दरवर्षी वर्गात आणतो. नळीच्या तुकड्यांनी जोडलेला चार काड्यांचा चौकोन बोटाने ढकलला की कलतो, तीन काड्यांचा त्रिकोण हलत नाही. त्यात चौकोनाला कर्णाची काडी लावून तो स्थिर करण्याची युक्ती कोणीतरी स्वतःच शोधून काढते, आणि मग विजेच्या मनोऱ्यात तिरक्या पट्ट्या का असतात हे मला सांगावे लागत नाही.

शास्त्रज्ञांनी शाळांत यावे असे सगळेच म्हणतात. पण बढतीच्या वेळी शोधनिबंध मोजले जातात, मुलांना लिहिलेली उत्तरे कोणी मोजत नाही. म्हणून हे काम उरलेल्या वेळात, हौसेखातर होते आणि हौस संपली की थांबते. माझी अपेक्षा फार मोठी नाही. जवळच्या महाविद्यालयातील वा प्रयोगशाळेतील एखाद्या अभ्यासकाने वर्षातून एकदा व्याख्यान देण्याऐवजी महिन्याला चार प्रश्नांची लेखी उत्तरे द्यावीत, अगदी ‘हे मलाही ठाऊक नाही’ हे उत्तरसुद्धा चालेल.

आमच्या वर्गात खडूच्या रिकाम्या खोक्याची प्रश्नपेटी आहे. सध्या तिच्यात सातवीतल्या एका मुलीची चिठ्ठी पडून आहे: चंद्राची एकच बाजू आपल्याला दिसते, तर तिथे उभे राहिल्यावर पृथ्वी कधी मावळते का? उत्तर मी देऊ शकतो, पण ते तिला एखाद्या खगोलशास्त्रज्ञाच्या हस्ताक्षरात मिळावे, अशी माझी इच्छा आहे.