खाणार नाही तर इंजेक्शन कशाला?
ग्लार्जिन (मधुमेहासाठीचं एक इन्सुलिन) रोज ठरल्या वेळी घ्या, असं लेखात म्हटलंय ते बरोबरच. पण घरात गोंधळ वेगळाच होतो. आमच्या आईने आषाढी एकादशीला ‘खाणार नाही तर इंजेक्शन कशाला’ म्हणून रात्रीचा डोस गाळला. (साबुदाण्याची खिचडी मात्र दोन वाट्या!) सकाळी उपाशीपोटी साखर 260. हे इन्सुलिन जेवणापुरतं नसतं, दिवसरात्र हळूहळू काम करतं. उपवासाला डोस किती ठेवायचा, ते आधीच डॉक्टरांना विचारायचं. साखर 70 च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, 15 मिनिटांनी पुन्हा तपासायची. आणि आमचं इन्सुलिनचं पेन उघडल्यावर 28 दिवसांनी टाकायचं असतं, ते आईच्या जिवावर येतं. ‘अजून आहे की त्यात!’